'सायकलवरून पडून जखम': कागदावर न सापडणाऱ्या एका चराचा शोध



संशोधनाचा आराखडा लिहिताना सगळ्यात जास्त अडायला कुठे होतं, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. एखादी गोष्ट घडली हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, पण कागदावर तिचा मागमूस नसतो, तिथे. माझ्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे एक चर. रस्त्याच्या कडेला खणलेला, जेमतेम कमरेइतका खोल.

बाबा तेव्हा तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार होते. दुसरी पाळी संपली की रात्री बाराच्या सुमाराला सायकलने घरी यायचे. दुपारी कामावर जाताना धड असलेला रस्ता रात्री परतताना खणलेला होता. एका बाजूला मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला दोन दगड आणि मातीत रोवलेली झाडाची एक फांदी. त्यात त्या रात्री रस्त्यावरचे दिवे गेलेले. फांदी दिसली तेव्हा पुढचं चाक चरात गेलेलं होतं. डावं मनगट मोडलं. दीड महिना घरी, आणि कंत्राटी माणसाला घरी बसल्याचा पगार नसतो. त्या दीड महिन्यात घरातलं काय काय गहाण पडलं याची यादी आईला अजून पाठ आहे.

पीएचडीला लागल्यावर मी तो जुना केस पेपर शोधून काढला. कारणाच्या रकान्यात तीन शब्द आहेत: 'सायकलवरून पडून जखम'. बस्स. चर नाही, दगड नाहीत, फांदी नाही, दिवे गेलेले नाहीत. वाचणाऱ्याला वाटावं की माणूस आपल्याच चुकीने पडला. पोलिसांत कुणी गेलं नव्हतं. चर पाण्याच्या लाइनसाठी होता की केबलसाठी, तेही घरात कुणाला सांगता येत नाही. आठवड्याभरात तो बुजवला गेला. म्हणजे कागदाच्या हिशोबाने तो चर कधी नव्हताच.

मी हे सगळं मार्गदर्शक सरांना मोठ्या तावातावाने सांगितलं. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं की, अपघाताचा पुरावा नाही हे कळलं, पण कुंपणाचा पुरावा शोधलास का? आज त्या प्रश्नामागे लागून मला काय काय मिळालं ते सांगते. विषय दिसायला किरकोळ आहे: खणलेल्या रस्त्याभोवतीचे अडसर आणि धोक्याच्या खुणा. पण त्यातून साधनं कशी वाचायची याचा बराच सराव होतो, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते.

पहिलं साधन कायदा. आपण इतिहासाचे विद्यार्थी कायद्याची कलमं वाचायला कंटाळतो, कारण ती काय व्हावं ते सांगतात, काय झालं ते सांगत नाहीत. पण कलम उलटं वाचायची एक युक्ती आहे. कायदा ज्याला बंदी करतो, ते कुणीतरी करत होतं, असं धरून चालायचं आणि मग पुरावा शोधायचा. इंग्लंडच्या १८४७ च्या टाउन्स इम्प्रूव्हमेंट क्लॉजेस अॅक्टमध्ये असं एक कलम आहे. रस्त्याचं किंवा गटाराचं काम चालू असताना आजूबाजूच्या घरांना टेकू द्या, रस्त्यावर आडवे दांडे किंवा साखळ्या लावा, रात्री तिथे दिवा ठेवा आणि राखण ठेवा, असं ते सांगतं. इथवर काही विशेष नाही. पुढे मात्र म्हटलंय की जो कुणी हे दांडे परवानगीशिवाय काढेल किंवा तो दिवा विझवेल, त्याला पाच पौंडांपर्यंत दंड.

दिवा विझवेल! म्हणजे लोक दिवे विझवत होते, दांडे उचलून नेत होते. लाकूड जळणाला उपयोगी, दिव्यातलं तेल घरी उपयोगी, आणि टवाळ पोरं तर सगळीकडे असतातच. कायदा करणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी दिव्याबरोबर राखणही सांगितली. धोक्याची खूण लावून भागत नाही, ती जागेवर राहील याची कुणीतरी काळजी घ्यावी लागते, हे १८४७ सालीच कळलेलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

मुंबईला या प्रकारच्या कलमांची गरज लवकरच पडली. १८६० मध्ये विहार तलावाचं काम पूर्ण झालं आणि शहरात नळाचं पाणी आलं, म्हणजे रस्त्याखाली नळ टाकले गेले. १८६५ मध्ये गॅसचे दिवे आले, म्हणजे आणखी एक नळ. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम धावू लागली, १९०७ मध्ये विजेची. जुन्या मुंबईच्या आठवणी सांगणारे लोक या प्रत्येक गोष्टीच्या उद्घाटनाचं वर्णन करतात. तिच्यासाठी रस्ता किती दिवस उकरून ठेवला होता ते फारसं कुणी लिहीत नाही. ते आपल्याला कायद्यावरून ताडावं लागतं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात रस्ता खणायला परवानगी, खणलेल्या जागेला कुंपण, रात्री उजेड, काम झाल्यावर रस्ता पूर्ववत करणं, आणि हो, दांडे व दिवे काढून नेण्यावर बंदी, हे सगळं आहे. इंग्लंडातल्या कलमाचा सांगाडा इथे जसाच्या तसा ओळखू येतो. पुढे १९४९ चा प्रांतिक महापालिकांचा कायदा आला, त्यातही हीच कलमं थोड्या फरकाने उतरली. त्या कायद्याला आज आपण महाराष्ट्र महापालिका कायदा म्हणतो.

मला वाटलं, झालं काम! बोईसरच्या रस्त्याला हे कलम लावलं की बाबांच्या चराला निदान कायद्याच्या पुस्तकात तरी जागा मिळाली. पण ते एवढं सोपं नव्हतं.

पालघर जिल्ह्यात महापालिका आहे ती वसई-विरारला, २००९ पासून. पालघर शहरात नगर परिषद, तिला १९६५ चा नगर परिषदांचा कायदा. आणि बोईसर? २०११ च्या जनगणनेत ते 'सेन्सस टाउन' आहे, म्हणजे जनगणनेच्या लेखी गाव शहर झालंय, पण कारभार ग्रामपंचायतीचा. तिला १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. त्या कायद्यात रस्त्यावरच्या अडथळ्यांचं आणि अतिक्रमणाचं कलम आहे, आणि ते वाचताना डोळ्यांसमोर गावठाण येतं: गल्ली, ओटा, पुढे सरकवलेली भिंत. तीन पाळ्यांत सुटणारे हजारो कामगार आणि रात्रभर चालणारे टँकर त्यात कुठून येणार? शिवाय औद्योगिक वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे, तिचा कायदा १९६१ चा आणि महामंडळाची स्थापना १९६२ ची. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, काही जिल्हा परिषदेकडे. एकाच सायकलवाल्याची एकाच रात्रीची घरवापसी यातल्या तीन-चार हद्दींतून होते, आणि हद्द बदलल्याची पाटी कुठेही नसते. चर कुणाचा, हे घरात कुणाला सांगता आलं नाही याचं एक कारण हेही आहे.

इथे नवख्यांसाठी एक सूचना, जिच्यामुळे माझे दोन महिने वाचले असते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधीचं सगळं ठाणे जिल्ह्यात. त्यामुळे जुनी कागदपत्रं शोधायची तर ठाण्याचा आणि मुंबईतल्या पुराभिलेखागाराचा, म्हणजे काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला, रस्ता धरावा लागतो. आणि तिथे 'पालघर' म्हणून शोधलंत तर हाती फार लागणार नाही. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये हा भाग 'माहीम' तालुका म्हणून येतो. केळवे-माहीमचं माहीम, मुंबईचं नव्हे. मी सुरुवातीला माहीमच्या नोंदी 'या मुंबईच्या' म्हणून बाजूला सारत होते. हसू नका, तुम्हीही साराल.

रुळांवर आणि रस्त्यावर

बोईसरमध्ये वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणापासून दिसते, पण विचार मात्र कधी करत नाही. रुळांवर काम चालू असतं आणि शेजारच्या रस्त्यावरही काम चालू असतं. दोन्हीकडे माणसं, दोन्हीकडे पहारी आणि फावडी. रुळांवर मात्र काम सुरू व्हायच्या आधी एक माणूस लाल झेंडी घेऊन दूर चालत जातो.

रेल्वेचे सर्वसाधारण नियम यात फार काटेकोर आहेत. ब्रॉडगेज मार्गावर गाडी थांबवावी लागेल असं काम असेल, तर कामाच्या जागेपासून ६०० मीटरवर रुळांच्या आडवी लाल पताका आणि १,२०० मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने, रुळावर तीन फटाका सिग्नल. गाडीचं चाक त्यावरून गेलं की आवाज होतो. ड्रायव्हरला धुक्यामुळे दिसलं नाही, त्याचं लक्ष नसलं, तरी कानाला कळतं. आमच्या शेजारचे एक काका गँगमन म्हणून निवृत्त झाले. मी त्यांची मुलाखत घेतली तेव्हा ते एकाच गोष्टीवर पुन्हा पुन्हा येत होते: आधी माणूस पुढे जातो, मग पहार जमिनीला लागते. उलट क्रम त्यांना कल्पनेतही सहन होत नव्हता.

आता रस्ता बघा. रस्त्यावर आधी पोकलेन लागतो. फीत, बॅरिकेड, पाटी हे मागून येतं, आलं तर. असा फरक का? गाडीवाल्याला ब्रेक लावायला अंतर जास्त लागतं हे एक कारण आहेच. पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. रुळांवर चूक झाली तर नुकसान रेल्वेचंच होतं, आणि पूर्ण मार्ग ठप्प होतो. रूळ, गाडी, गँगमन आणि चौकशी हे सगळं एकाच घरातलं. रस्त्यावर खणणारा एक, रस्ता दुसऱ्याचा, आणि पडणारा तिसराच. इशारा देण्याचा खर्च पहिल्याने करायचा आणि न दिल्याचा भुर्दंड तिसऱ्याने भरायचा, अशी ही मांडणी आहे.

आणि हे तारापूर आहे, हेही विसरून चालणार नाही. १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र जिथे सुरू झालं ते ठिकाण. केंद्राभोवती १६ किलोमीटरच्या परिघासाठी आणीबाणीचा आराखडा असतो, त्याच्या रंगीत तालमी होतात. म्हणजे क्वचितच घडू शकेल अशा संकटाचा इशारा कोसांवर कसा पोचवायचा याचा विचार इथे झालेला आहे, आणि त्याच परिघातल्या चराचा इशारा एका फांदीवर सोडलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. (यात आराखडा अनावश्यक आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो हवाच.)

खर्च कुठल्या रकान्यात आहे?

आता मला सगळ्यात आवडलेलं साधन. सरकारी बांधकामाचे निविदा अर्ज. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्याचे बी-१ आणि बी-२ हे नमुने वर्षानुवर्षं वापरात आहेत. ते इतके रटाळ असतात की कुणी वाचत नाही, आणि म्हणूनच संशोधकाने वाचावेत. त्यांत एक अट असते: लोकांना अपघात होऊ नये म्हणून लागणारं सगळं कुंपण आणि दिवे ठेकेदाराने पुरवायचे, आणि ते न केल्यामुळे कुणी दावा लावला तर त्याचा खर्चही त्यानेच सोसायचा.

वाचायला ही अट कडक वाटते. पण आता त्याच निविदेचं कामांच्या बाबींचं पत्रक उघडा. खोदकाम इतके घनमीटर, नळ इतके मीटर, भराव इतका, डांबर इतकं. प्रत्येकाला दर आहे, मोजमाप आहे, बिल आहे. कुंपण आणि दिवा? अनेक निविदांत त्याची वेगळी ओळच नसते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या कामांच्या विनिर्देशांतही काम चालू असतानाची वाहतूक व्यवस्था मूळ कामाला 'आनुषंगिक' धरण्याची रीत दिसते. आनुषंगिक म्हणजे दरातच आलं असं समजा. आता तुम्ही ठेकेदार आहात असं धरा. खोदलेल्या प्रत्येक घनमीटरचे पैसे मिळतात. लावलेल्या कंदिलाचे वेगळे मिळत नाहीत, आणि न लावलेल्या कंदिलाचे वाचतात. मोजमापवही धरून येणारा अभियंता चराची खोली मोजतो. चराभोवतीचा उजेड मोजायला त्याच्या वहीत रकाना नाही.

मी आधी समजत होते की आपल्याकडे नियमच नाहीत. तसं नाही, नियम पुष्कळ आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कंत्राटांना जोडलेल्या सुरक्षा संहितेत चराविषयी जे लिहिलंय ते वाचून मी थक्क झाले. १.२ मीटर किंवा त्याहून खोल चरात दर ३० मीटरला निदान एक शिडी. दीड मीटर किंवा जास्त खोल असेल तर बाजूंना उतार द्यायचा नाहीतर लाकडी आधार. काढलेली माती चराच्या काठापासून दीड मीटरच्या आत किंवा खोलीच्या निम्म्या अंतराच्या आत, यातलं जे जास्त असेल तेवढ्यात, टाकायची नाही. खोदकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानकही आहे, आयएस ३७६४, पहिल्यांदा १९६६ मध्ये आलेलं आणि १९९२ मध्ये सुधारलेलं. बाबांना मी विचारलं, माती काठापासून किती लांब होती? ते म्हणाले, अगं, मातीवरूनच तर घसरलो.

आणखी एक बदल इथे नोंदवते. कंदील होता तोवर त्याला माणूस लागायचा. रॉकेल भरायला, काच पुसायला, वारा सुटला तर पुन्हा पेटवायला. इशारा आणि राखण एकत्र येत होती, कारण वस्तूच तशी होती. मग परावर्तक पट्टी आली, प्लास्टिकचा कोन आला, लाल-पांढरी फीत आली. या गोष्टी वाईट नाहीत. दिव्याच्या उजेडात त्या कंदिलापेक्षा लांबून चमकतात. पण त्यांना माणूस लागत नाही, असा समज त्यांच्याबरोबर आला. आणि परावर्तक पट्टी चमकते ती समोरच्याच्या हेडलाइटमुळे. बाबांच्या सायकलला दिवा नव्हता. पट्टी असती तरी ती त्यांच्यासाठी काळीच राहिली असती.

इशारा नेमका कुणाला?

या प्रश्नावरचा सगळ्यात चांगला धडा मला पालघरमध्ये नाही, लंडनमध्ये मिळाला. १९५६ साली वुलिच भागात वीज मंडळाच्या कामगारांनी फुटपाथवर चर खणला. अडसर म्हणून त्यांनी एक लांब दांड्याचा हातोडा तिरका टेकवून ठेवला. दिसणाऱ्या माणसाला तो दिसत होता. जॉन हेली हे अंध गृहस्थ रोजच्या वाटेने कामाला चालले होते. त्यांची पांढरी काठी हातोड्याच्या वरून गेली, पाय अडखळला, ते पडले आणि त्यांची श्रवणशक्ती गेली. दृष्टी नसलेल्या माणसाची ऐकण्याची शक्ती जाणं म्हणजे काय, ते मी लिहून सांगायला नको. मंडळाचं म्हणणं असं की सामान्य माणसापुरता अडसर पुरेसा होता. खालच्या न्यायालयांनी ते मानलं. १९६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मानलं नाही. देशात दर पाचशेत एक माणूस अंध असताना अंध माणूस फुटपाथवरून येईल हे आधीच लक्षात यायला हवं होतं, असा निष्कर्ष निघाला. हा निकाल वाचल्यावर मी कुठलाही अडसर पाहिला की पहिला प्रश्न विचारते: हा कुणाला दिसणार नाही?

आणि एक माणूस कायद्यालाही बराच काळ दिसला नव्हता. १८४७ चं कलम असो की १८८८ चं, त्यात वाटसरू आहे, शेजारचं घर आहे, घोडागाडी आहे. चराच्या आत उभा असलेला माणूस त्यात नाही. कुंपणाने बाहेरच्याला आत पडू द्यायचं नाही. आतल्यावर माती पडली तर काय, याचा विचार मानकांमधून आणि कामगार कायद्यांमधून फार उशिरा आला. बांधकाम कामगारांचा स्वतंत्र केंद्रीय कायदा १९९६ मध्ये आला. आपल्याच जिल्ह्यातली घटना घ्या. २९ मे २०२४ च्या रात्री वसई तालुक्यात ससूनवघर इथे, वर्सोवा खाडीजवळ, सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या बोगद्याच्या खोदकामात भिंत आणि माती कोसळली. पोकलेन आणि त्याचा चालक आत गाडला गेला. एनडीआरएफसह वेगवेगळी पथकं कित्येक दिवस शोध घेत होती. सूर्येचं ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मिरा-भाईंदरकडे नेणारी ही योजना. तिच्याविषयी छापून आलेला प्रत्येक आकडा पाण्याचा असतो. रस्त्याकडेच्या त्रिकोणी पाटीवर फावडं घेतलेला तो काळा माणूस आपण रोज बघतो, पण त्याचा अर्थ आपण 'माझ्या गाडीला अडथळा' असा लावतो.

त्या पाटीचाही इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात एका मराठी माणसापाशी जाते. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. या संस्थेने १९७७ मध्ये रस्त्यावरच्या चिन्हांची संहिता काढली आणि २००१ मध्ये खास रस्तेकामाच्या जागेसाठी मार्गदर्शिका, जी २०१४ मध्ये सुधारली गेली. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग पाडले आहेत: आधी सूचना देणारा, मग वाहन हळूहळू बाजूला वळवणारा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी पुन्हा मूळ मार्गावर आणणारा. रेल्वेतल्या त्या झेंडीवाल्या माणसाची कल्पना इथे आली, पण रुळांवर ती सुरुवातीपासून होती आणि रस्त्यावर स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने यायला २००१ उजाडलं.

आपल्या पाट्यांची मराठीसुद्धा बघण्यासारखी आहे. 'काम चालू, रस्ता बंद'. यात कर्ता नाही. काम कुणाचं, केव्हापासून, केव्हापर्यंत, तक्रार कुणाकडे, काही नाही. रस्ता जणू आपणहून बंद झालाय. मला ही पाटी प्रिय आहे, पण इतिहासकाराला ती निरुपयोगी आहे. तिच्या तुलनेत फांदीचं व्याकरण चांगलं. चुना फासलेले दगड, उलटा ठेवलेला ड्रम, बांबूवर अडकवलेली गोणी, रोवलेली फांदी: ही लोकांची स्वतःची खूणभाषा आहे आणि हायवेवरचा कुठल्याही राज्यातला ट्रक ड्रायव्हर ती वाचतो. ती बहुधा ठेकेदाराची नसते. आधी पडलेल्या किंवा पडता पडता वाचलेल्या माणसाने ती लावलेली असते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण आपण शहाणपणाची म्हणून सांगतो, पण ती एक इशारा-व्यवस्था आहे आणि तिचा खर्च पुढच्याच्या पायावर टाकलेला आहे.

अलीकडचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. तिथे तीन पदरांचा रस्ता पुलापाशी दोन पदरांचा होतो. ते खोदकाम नव्हतं, पण प्रश्न तोच: पुढे रस्ता अरुंद होतोय हे किती आधी आणि कसं सांगायचं? देशभर चर्चा झाली ती मागच्या सीटच्या पट्ट्याची. ती योग्यच होती, पण पट्टा हा प्रवाशाचा विषय आहे आणि पूर्वसूचना हा रस्ता सांभाळणाऱ्याचा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे झालेल्या मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. जखमी हा शब्द तिथे आहे, हे मी दोनदा वाचून खात्री केली. १९८-अ मध्ये मोडून पुन्हा जुळलेल्या मनगटाला जागा नव्हती.

मात्र भरपाई मागायची तर खड्डा कागदावर असायला हवा, आणि गाडं पुन्हा तिथेच येतं. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात रस्त्याच्या प्रकारानुसार वर्गवारी असते. त्यात 'खड्डे' आहे, 'काम चालू असलेला रस्ता' हाही वेगळा प्रकार आहे. रकाना आहे, पण तो भरतो तो रात्री जागेवर गेलेला हवालदार. तो गेला नाही, किंवा त्याला सरळ रस्ता दिसला, तर चर अहवालापर्यंत पोचत नाही. म्हणून या आकड्यांवर काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे की बेरीज करण्याआधी अर्ज कसा भरला जातो ते एकदा ठाण्यात बसून बघा.

सध्या मी जुन्या निविदा आणि मोजमापवह्या मिळवण्याच्या मागे आहे. माहितीच्या अधिकाराचे तीन अर्ज तीन कार्यालयांत टाकलेत. दोन ठिकाणांहून उत्तर आलंय की हा रस्ता आमच्याकडे नाही, दुसऱ्या कार्यालयाकडे विचारणा करावी. दोघांनीही एकमेकांचं नाव दिलंय. मी दोन्ही पत्रं तारखेनुसार फाईलला लावली आहेत, कारण आता तीही साधनं आहेत. तिसऱ्याची वाट बघतेय.

बाबा निवृत्त झालेत. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी चर खणून गेलं. संध्याकाळी बाबा छत्री घेऊन बाहेर पडले, कुठूनतरी करंजाची फांदी तोडून आणली, चराच्या दोन्ही टोकांना रोवली आणि वर आईच्या जुन्या लाल साडीचा तुकडा बांधला. मग घरातून खुर्ची आणून, दुसरी पाळी सुटेपर्यंत, बॅटरी घेऊन तिथेच बसून राहिले.